पल्याडचं घर

एक्क्याऐंशीच्या जनगणनेला मास्तर तलावाकाठच्या टोलीत आला. टोलीत घरं दहाच. पण बुधरामच्या, म्हणजे शेवटच्या दारावर त्यानं गेरूनं अकरा लिहिलं.

"दहा घरं मोजता येत नाही, पोरांले काय शिकवून राहिले गुरुजी?" बुधराम म्हणाला. बायको गेल्यापासून त्याला माणसांची किळसच आली होती.

"पल्याडच्या काठावरलं धरून अकरा," मास्तर तुच्छतेनं म्हणाला. "टोली नकाशात नाही, अन् तुमाले आपलीच घरं ठाऊक नाही."

पल्याड नुसती मसणवट होती. पोळ्याच्या आधी बुधरामनं बायकोला तिथंच जाळलं होतं.

"कोण राहते तिथं?"

"विधवा बाई, एकटीच. नवऱ्याचं नाव तोंडानं घेईना, मग हातावरलं गोंदण दाखवलं." मास्तरानं कागद पाहिला. "बुधराम."

मग त्यानं कोरा कागद काढला.

"हं, तुझं नाव सांग."