खंडाचा दिवस

माणूस मेला तरी चालेल, पण डॉक्टरच्या नोकरीत खंड पडलाच पाहिजे, हा नियम, सरकार, तुम्ही केलात. हंगामी डॉक्टर एकशेवीस दिवस राबवायचा, एकशेएकविसाव्या दिवशी घरी बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा हुकूम हातात द्यायचा. कशाला? तर त्याला कायम करायला लागू नये.

चौऱ्याहत्तर सालच्या भाद्रपदात डॉक्टर विजयमालाचा असला सहावा खंड पडला. मोठे डॉक्टर नसबंदीच्या कॅम्पला गेलेले. ती दवाखान्यामागच्या खोलीवर धुणं पिळत होती, तेवढ्यात कोंडीबा धनगर बायकोला बैलगाडीत घालून आला. उसात भांगलताना दगडाबाईला घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त.

विजयमाला ओल्या हातानंच धावली. "नानासो, लशीच्या कपाटाची किल्ली!"

कारकून नानासो जागचा हलला नाही. "बाई, चार्ज काल दिलाय तुमी. आज तुमचा खंड हाय. हात लावला की खंड मोडला, उद्याचा हुकूम रद्द. सांगलीला न्या म्हणावं."

"सांगली गाठेस्तवर राहील का ही?"

कोंडीबा दोघांच्या तोंडाकडं बघत होता. "खंड? म्हंजी डाक्तरीणबाईबी खंडानंच घेतलीया व्हय, आमी रान घेतो तशी?" मग त्याला उमगलं. "आवं, कुळाचा हक्क लागू नये म्हणून मालक दरसाल कूळ बदलतोय, त्यातली गत ही! पर कूळ हाकललं तरी पीक रानातच ऱ्हातंय. ते कुणी राखायचं?"

नानासोनं किल्ली टेबलावर ठेवली आणि तोंड भिंतीकडं केलं.

विजयमालानं कपाट उघडून लस टोचली. दिवस कलता कलता रक्त थांबलं. दगडाबाईनं पाणी मागितलं. नानासोनं हळूच केसपेपर पुढं सरकवला. "बाई, उद्याची तारीख टाका. समदं जुळतंय. तुमची भाकरबी ऱ्हाईल."

"आणि घोणस? तीबी उद्याच चावली का?"

विजयमालानं आजची तारीख घातली. सही ठोकली. आता वरून आपल्याकडं खुलासा मागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सहीखाली तिनंच आधी लिहिलं:

'आज या दवाखान्यात डॉक्टर कोण होतं? उलट टपाली खुलासा करावा.'