सात नंबरची बेल

"सिस्टर, अर्ध्या भाकरीवरून उठवलंत मला," वायरमन ढवळेमामा शिडी टेकवत म्हणाले. "सकाळपासून तीनदा मोबाइल वाजला. सात नंबर, सात नंबर!"

मी हसले. प्रसूती वॉर्डच्या तपासणी वहीत सात नंबरच्या खाटेपुढे वर्षानुवर्षं एकच शेरा होता: 'बेल बंद. कळवले.' कुणाला कळवले, ते कुणीच लिहीत नसे. दर महिन्याला आम्ही मागचं पान बघून पुढचं पान भरायचो. मीसुद्धा भरलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी बाळंतपणाला मी स्वतःच त्या खाटेवर आले, आणि कळा सोसत ती मुकी बेल दाबत राहिले.

या महिन्यात वही गेली, टॅब आला. त्यात 'बंद'वर बोट ठेवलं की तो लगेच विचारतो, दुरुस्ती कोण करणार, कधीपर्यंत? मी मामांचं नाव आणि आजचीच तारीख टाकली; तेव्हापासून तो त्यांच्या मोबाइलवर आठवण धाडत होता. बेलच्या पेटलेल्या दिव्याचा फोटो चढवल्याशिवाय ते काम यादीतून हलत नाही.

मामांनी वायर जोडली, बेल दाबून बघितली. दारावरचा लाल दिवा पेटला, त्याचा फोटो निघाला. "झालं बाई! आता जेवू द्या."

मी टेबलाशी पोचते न पोचते तोच बेल वाजली. धावत गेले. सात नंबरवरची पहिलटकरीण ओशाळून हसली.

"काही नको होतं, ताई. कुणी येतंय का, तेवढंच बघितलं."

"येतं आता," मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "कितीदाही दाब."