शाईचं बोट

"तीस वर्षं आपलं गाव बिनविरोध आहे, हौसा. अर्ज मागं घे," सरपंच तात्या देवळाच्या पायरीवरून म्हणाले.

हौसानं तो मागं घेतला नाही. गावचा नळ ओढ्याअलीकडेच थांबला होता, आणि सरपंच ठरवायच्या बैठकीला ओढ्यापलीकडच्या तिच्या वस्तीला कोणी कधी बोलावलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी वस्तीतली झाडून सारी माणसं गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडून शाळेत गेली. परतताना म्हातारी सासू हात उंच धरून चालत होती, बोटावरची शाई भिजू नये म्हणून. "आजवर दिल्लीला मत दिलं, मुंबईला दिलं. आज पहिल्यांदा आपल्या वस्तीला दिलं," ती म्हणाली.

हौसा नऊ मतांनी पडली. वस्तीला तोंड कसं दाखवावं, तिला कळेना.

दुसऱ्याच दिवशी तात्या धोतर सावरत ओढ्यातून येताना दिसले. तीस वर्षांत ते वस्तीत पहिल्यांदाच येत होते. "नऊच मतांनी वाचलो," ते म्हणाले. "नळ कुठवर आणायचा, सांग."

हौसा बोलायच्या आत सासूनं शाईचं बोट उचललं आणि वस्तीतलं शेवटचं घर दाखवलं.