माणकोलीपुढचा बिघाड

माणकोली मागे पडली आणि व्हॅनचा वेग धरणारं यंत्र पुन्हा बंद पडलं. इंजिनाचा आवाज उतरत गेला, पन्नासवर रोवलेला काटा चाळिसाकडे झुकला. मागच्या बाकावर सुक्या बोंबलांच्या दोन हाऱ्यांमध्ये अंग चोरून बसलेल्या रतनने कपाळावर हात मारला. ही चौथी वेळ.

"बग रतनशेट, हितंच," व्हॅन चालवणारा गोविंदा केणी म्हणाला. "दर बेस्तरवारी बरोबर हितंच." त्याच्या आवाजात तक्रार अशी नव्हतीच.

वागळे इस्टेटमध्ये रतनचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. धंद्यात अठरा वर्षं गेली होती, पण असलं यंत्र त्याने पहिल्यांदाच बसवलं होतं. गोविंदाच्या जावयाने ते मस्कतहून आणलं होतं. बटण दाबलं की गाडी आपला वेग आपणच धरून ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायची गरजच नाही. सासरा होडीतून उतरताना घसरला होता, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा अधू. तरी दर गुरुवारी बायकोला आणि तिच्या सुक्या मासळीला घेऊन कळव्याहून खडवलीच्या बाजाराला जायचा. जावयाला काळजी वाटली, त्याने यंत्र आणलं. आता दर पत्रात विचारायचा, चालतंय ना?

रतनने जीव ओतून काम केलं होतं. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला वेग मोजायचे लोहचुंबक चिकटवले. ब्रेकला पाय लागताच यंत्र सुटेल अशी वायर जोडली. डब्याला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तो डाव्या अंगाला, डॅशबोर्डच्या खाली बसवला. स्वतः घोडबंदर रोडला तीन फेऱ्या मारल्या. यंत्र झकास चाललं. ते बघून दोन टेम्पोवाले म्हणाले, आमच्याही गाडीला बसव.

आणि पहिल्याच गुरुवारी ते बंद पडलं. शुक्रवारी गोविंदा व्हॅन घेऊन आला, टुणकन खाली उतरला आणि म्हणाला, "घाई नाय, सावकाश बग." रतनने चुंबक बदलले. पुढच्या खेपेला ब्रेकचा स्विच बदलला. तिसऱ्या खेपेला सगळी वायर नवी ओढली. सापडायचं मात्र दर वेळी एकच, डब्याचा प्लग निसटलेला. टेम्पोवाले गालात हसले आणि पुन्हा फिरकले नाहीत. ते रतनला लागलं. प्लगला खिटी होती. ती दाबल्याशिवाय प्लग निघत नाही, आणि रस्त्यातले खड्डे काही खिटी दाबत नाहीत. म्हणून या गुरुवारी तो स्वतःच व्हॅनमध्ये बसला होता.

"काका, गाडी मागे घ्या," तो आता म्हणाला. "परत एकदा माणकोलीपासून येऊ."

त्याने प्लग खटकन बसवला. गोविंदाने वळण घेतलं, मागे जाऊन परत आला, पन्नासला बटण दाबलं आणि पाय काढून घेतला. काटा रोवल्यासारखा उभा राहिला. या वेळी रतनने काट्याकडे बघितलंच नाही. तो पुढच्या दोन सीटांमधून वाकून डब्याकडे बघत राहिला.

पुढच्या डाव्या सीटवर गोविंदाची बायको बायजा बसली होती. ती बाहेर बघत होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. खाली मात्र तिच्या डाव्या पायाचा अंगठा सरकत सरकत प्लगपर्यंत आला. अंगठ्याने खिटी दाबली, शेजारच्या बोटाने प्लग ओढला. सवयीचं काम असल्यासारखं.

"काकी!"

बायजाने पाय झटकन मागे घेतला. गोविंदाने व्हॅन रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभी केली आणि बायकोकडे बघतच राहिला.

"बायजे, तू?"

बाजारात दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडणारी बायजा पदराचं टोक चिमटीत धरून खाली बघत बसली. मग एकदम बोलली, "घरात अकरा मानसां. दोन शब्द बोलाला जागा नाय. पयले तुमचा गुडघा धरायचा, मंग तुमी हितं गाडी थांबवायचाव. मी तेल चोलायची. दहा मिन्टं आपली दोघांची असायची. ह्यो डबा आला, तवापास्नं गाडी थांबतच नाय. तुमी नुसतं त्या काट्याकडं बघत बसतांव. वाटलां, डबा बंद पडला तर पयल्यावानी थांबवाल."

रतनच्या मनावरचं ओझं उतरलं. त्याचं काम चुकलं नव्हतं, एक वायरही चुकली नव्हती. हसू दाबत त्याने विचारलं, "काका, मग काढून टाकू का हे?"

"नको, नको. जावयानं यवढ्या लांबून आनलाय." गोविंदाने मान हलवली. "येताना चालवू. जाताना नको."

टायर बघतो असं सांगून रतन खाली उतरला आणि मागच्या चाकापाशी जाऊन बसला. पुढचं दार उघडंच होतं. बायजाने पिशवीतून तेलाची बाटली काढली. महिनाभर गाडी थांबली नव्हती, तरी बाटली पिशवीत होती. तिने तळव्यावर तेल घेतलं आणि नवऱ्याचा गुडघा चोळायला लागली.

गोविंदा घसा खाकरून म्हणाला, "बायजे, एक सांगतो. रागावू नको. गुडघा कवाच बरा जालाय. दोन वर्सां जाली."

बायजाचा हात थांबला नाही.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "शिमग्याला नाचलाव, तवाच बघितला."