अंगठ्याचा खळगा

बर्फाची तिसरी लादी फोडून आजोबांच्या अंगाभोवती रचून झाली, तेव्हा दुसऱ्या दिवसाचे बारा वाजले होते. त्यांचा एकुलता लेक प्रीतम अजून मस्कतच्या विमानतळावरच अडकलेला. त्यानं बापाचं तोंड बघितल्याशिवाय उचलायचं नाही, हे केसरआजीनंच ठरवलं होतं.

"बरफात आजूक किती येळ ठेवता येल गं, मनू?" आजीनं लेकीच्या लेकीला, मनालीला विचारलं. "तू बारावीत शिकतीस ना हे सगलं?"

मनालीला उत्तर येत असलं की गप्प राहवायचंच नाही. तिनं भराभर सांगायला घेतलं. शरीरात एन्झाइम असतात, आजी. एरवी जे घडायला वर्षं लागली असती, ते त्यांच्यामुळे क्षणात घडतं. खाल्लेलं पचतं तेही त्यांच्यामुळेच. आणि गंमत म्हणजे, एवढं करून ते स्वतः खर्च होत नाहीत. एक काम झालं की लगेच पुढचं.

"आन् मानूस गेल्यावं?"

"त्यांना कुठे कळतं माणूस गेलाय ते. ते चालूच राहतात. मग हाताशी जे असेल तेच..."



"म्हंजे त्यालाच पचवत्यात," आजी म्हणाली.

"थंडीत हळू होतात गं. खूप हळू."

"पन थांबत न्हाईत."

आजीनं आजोबांकडे बघितलं.

"ह्यांच्यावानीच. तापातबी मासलीचं जालं विनत बसायचे."

चाळीस वर्षं आजीनं उरणच्या बाजारात मासळी विकली होती. गिऱ्हाईकासमोर पापलेटावर अंगठा दाबायची. खळगा भरून आला की म्हणायची, बघ, ताजं हाय. आता तिनं बर्फाचे तुकडे बाजूला सारले. आजोबांच्या गालावर अंगठा टेकवला, हलकेच दाबला, उचलला.

दोघी बघत राहिल्या. खळगा तसाच राहिला.

तेवढ्यात मनालीच्या हातातला फोन वाजला. प्रीतममामाच होता.

"मनू, रात्रीचं विमान मिळालं गं. उद्या सकाळी पोचतो. आईला सांग, माझ्यासाठी थांबा."

आजीला ते ऐकू आलं होतं. तिनं चादर आजोबांच्या तोंडावर ओढली आणि कडा नीट खोचल्या.

"भायेर बसलेल्यांना आत बोलाव, ह्यांना उचलायचं," ती म्हणाली. "आन् प्रीतमला सांग, आता दमानं ये."