नवी की जुनी

“जुनीच,” सुरुची म्हणाली.

“नवीच,” समीर म्हणाला. मग दोघांनी एकदम मीनलकडे पाहिलं. “तूच सांग. चालवायचं तुला आहे.”

रविवारी दुपारी मांजर्लीला मीनलच्या घरी हे चौघं जमत, त्याला दहा वर्षं होत आली होती. मधे नकाशा, फासे आणि भेळेची परात. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. खेळ चालवायचा मीनलने; उरलेलं सगळं जग तिचं. गुहेत काय आहे, दारामागे कोण टपून बसलंय, हे ती सांगणार आणि तिघं त्यातून वाट काढणार. मागची मोहीम गणपतीत संपली. नवी सुरू करायची तर आधी नियमांचं पुस्तक ठरायला हवं होतं. आजवर खेळले ती जुनी आवृत्ती, की आता आलेली नवी?

“नवीत कुणी मरतच नाही,” सुरुची म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि वाद घालतानाही फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलायची. “मग भीती कसली वाटणार?”

“जुनीत पहिल्याच गुहेत मेलो होतो मी. नवं पात्र बनवेपर्यंत दिवेलागण झाली,” समीर म्हणाला. अंबरनाथ पश्चिमेला त्याचा दातांचा दवाखाना होता. “आणि नवी एडिशन चालवायला किती सोपी आहे, बघ तरी.”

“जुनी काय अवघड आहे चालवायला?”

जितेशने भेळेचा बकाणा भरला. “मला दोन्ही चालतील,” तो म्हणाला.

मीनल समोरच्या दोन्ही पुस्तकांकडे बघत राहिली. नवी म्हटलं तर सुरुची रुसणार, जुनी म्हटलं तर समीर. तेही तिने सोसलं असतं. पण कुठलंही पुस्तक उचललं तरी ते तिच्याच गळ्यात पडणार होतं. दिवसभर कारखान्याच्या लॅबमध्ये तिच्या सहीवाचून माल हलत नसे. घरी भाजी कुठली करायची तेही तिनेच सांगायचं. आणि रविवारी एक आख्खं राज्य. दहा वर्षांत ती खाणावळवाली झाली, राक्षस झाली, मेलेला राजासुद्धा झाली. स्वतःचं असं एकही पात्र तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला तेव्हा तिने खडा टाकून बघितला होता. “तोवर तुमच्यापैकी कुणीतरी चालवा की.”

“तुझ्याशिवाय कसला गेम?” सुरुची म्हणाली होती. “तू बरी हो. आम्ही थांबतो.”

आणि ते खरंच थांबले. कुणी फासे हातात घेतले नाहीत. समीर पपई घेऊन आला, जितेश रक्ताचे रिपोर्ट आणायला गेला. इतक्या मायेपुढे ती काय बोलणार? आपण सोडलं की हे मोडणार, एवढं तिला त्या दिवसांत कळून चुकलं. आणि हे मोडलं तर आठवड्यात हसायला जागा उरणार नव्हती.

“मीनल, बोल ना,” समीर म्हणाला.

“मला नाही चालवायचं.”

तिलाच तिचा आवाज अनोळखी वाटला. पण आता थांबता येईना. “नवीही नाही आणि जुनीही नाही. मला खेळायचंय. एक पात्र घेऊन, तुमच्यासारखं.”

संपलं, तिला वाटलं. ती नकाशाची घडी घालायला लागली.

“नक्की ना?” सुरुचीने हळूच विचारलं. “मागनं बदलणार नाहीस?”

“नाही.”

“मग मी चालवते. जुनी.”

“तू का? मी चालवतो,” समीर खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “नवी.”

मीनल दोघांकडे बघतच राहिली. “पण तुम्हाला कुठे येतं चालवायला?”

समीर चष्मा पुसायला लागला. सुरुची खिडकीबाहेर बघायला लागली.

शेवटी जितेशच बोलला. “वर्षभर दोघं माझ्यावर हात बसवतायत. बुधवारी ह्याच्याकडे नवी, शुक्रवारी हिच्याकडे जुनी. तुझी जागा घेतली असं तुला वाटेल, म्हणून दोघांनीही मला तुला न सांगण्याची शपथ घातलीये.”