शनिवारची मॅच

“आई, टीव्ही बंद कर,” दिशा म्हणाली.

“नाही करणार,” मनीषा म्हणाली आणि रिमोट मांडीखाली सरकवला.

समर्थ भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दिशाही गुडघ्यांत डोकं घालून बसली. पडद्यावर लिव्हरपूलचे लाल जर्सीवाले फुटबॉलच्या मैदानात उतरत होते.

मनीषाचा नवरा समाधान, त्याला जाऊन चार महिने झाले होते. मखमलाबादच्या मळ्यातून फुलं घेऊन बाजारात निघाला तो परत आलाच नाही, वाटेतच छातीत कळ आली. तो होता तेव्हा दर शनिवारी बापलेकांचा नुसता गोंधळ असायचा. लिव्हरपूल हरलं तर तिघंही जेवायचे नाहीत. मनीषा स्वयंपाकघरातून ओरडायची, “इंग्लंडच्या पोरांसाठी माझी भाकरी का वाया घालवता?”

त्या दिवसापासून समर्थ रडला नव्हता. बोलणंही तोडलं होतं. शाळेत जायचा, यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. सगळे म्हणत, वेळ जाऊ द्या. मनीषाने ठरवलं, आता वेळ जाऊ द्यायचा नाही.

झेंडूची पाटी पुढे ओढून ती हार ओवायला लागली.

“दिशा, तो काळ्या कपड्यातला कोणाकडून खेळतो गं?”

“तो रेफ्री आहे, आई.” दिशाला नको असतानाही हसू आलं.

थोड्या वेळाने मनीषा कडाडली, “अरे, त्याने हातात धरला बॉल! चोर कुठला!”

“गोलकीपर आहे तो!” भिंतीकडून आवाज आला. “त्याला चालतं.”

मनीषाने वर पाहिलं नाही. सुई तेवढी थांबली. कोपऱ्यात तिची सासू गोजराबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

मग लाल जर्सीवाल्याने चेंडू जाळ्यात मारला. “गोल!” मनीषा उठून ओरडली.

“नाही, ऑफसाइड,” समर्थ म्हणाला. तो आता उठून बसला होता.

“ते काय असतं? गेला ना आत? मग?”

“अगं आई, तसं नसतं!” तो तरातरा पाटीजवळ आला. जमिनीवर झेंडूची फुलं ओळीने मांडली, पुढे एक शेवंतीचं ठेवलं. “हे त्यांचे बचाववाले. हा आपला. पास द्यायच्या वेळी हा यांच्या पुढे असला की गोल धरत नाहीत. पप्पांनी मला…”

पुढचं त्याला बोलता आलं नाही. फुलांवर हात ठेवून तो हमसून रडला. दिशा येऊन त्याला बिलगली. मनीषाने दोघांना जवळ घेतलं आणि रडू दिलं. टीव्ही मात्र चालूच ठेवला.

मॅच संपली तेव्हा तिघंही रेफ्रीला शिव्या घालत होते. पोरं चेंडू घेऊन अंगणात पळाली.

गोजराबाईने पदर खाली घेतला. “मनीषे, समाधान होता तवा पोरं साळंत गेली की दुपारी शनिवारचीच मॅच परत लावून तू हार ओवायचीस. ऑफसाइड म्हंजी काय, ते मला तूच शिकवलं. अन् आज पोराला इचारतीस व्हय?”

“हळू बोला, आत्या,” मनीषा डोळे पुसत म्हणाली. “पुढच्या शनिवारी पेनल्टी विचारायचीय.”